एका माळावर मेंढ्या किती, आणि किती दिवस?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्ताने माळरानं, मेंढपाळ आणि चराई यांवर बरंच बोललं जातंय. आपल्याकडे मात्र हा वाद दर पावसाळ्यात गावोगाव होतोच. माण, जत, आटपाडी, सांगोला, कर्जत, पारनेर अशा कोणत्याही तालुक्यात जा. एक बाजू म्हणते, मेंढरांनी माळ खरवडून खाल्ला. दुसरी म्हणते, माळच उरला नाही तर मेंढरं जायची कुठं? दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. पण अमुक एका माळावर किती गवत आलं आणि त्यात किती जनावरं निभावतात, हे मोजलेलं कुणीच नसतं. मोजायला विळा, चौकट आणि किराणा दुकानातला काटा पुरतो. गणित चौथीतल्या भागाकाराचं आहे.

दोन शब्द समजून घेऊ

चराई क्षमता म्हणजे माळ खराब न होता तिथे जितकी चराई होऊ शकते तितकी. चराई भार म्हणजे तिथे प्रत्यक्षात होत असलेली चराई. भार क्षमतेच्या वर गेला की माळ मूळ भांडवल खायला लागतो. लेखात एवढेच दोन जड शब्द आहेत.

दोन्हींचं माप मात्र लोक चुकीचं धरतात. 'एकरी किती मेंढ्या?' असा प्रश्न विचारतात आणि काळ सांगायचा राहूनच जातो. घरात एक पोतं ज्वारी आहे, किती माणसांना पुरेल, असं कुणी विचारलं तर आपण आधी विचारू, 'किती दिवस?' शंभर माणसं एकदा जेवली काय आणि एक माणूस शंभर वेळा जेवला काय, पोत्याच्या दृष्टीने सारखंच. मेंढ्यांचंही तसंच आहे. म्हणून मोजायचं ते मेंढी-दिवसांत. एक मेंढी एक दिवस चरली की एक मेंढी-दिवस. दोनशे मेंढ्या पाच दिवस चरल्या की हजार.

एक मेंढी दिवसाला किती खाते

दख्खनी जातीची मोठी मेंढी साधारण २५ ते ३० किलोची असते. मेंढी रोज आपल्या वजनाच्या तीन ते साडेतीन टक्के कोरडा चारा खाते, म्हणजे साधारण एक किलो. इथे 'कोरडा' हा शब्द महत्त्वाचा आहे. आषाढातल्या कोवळ्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे तेवढ्याच पोषणासाठी तिला चार-पाच किलो हिरवं ओरपावं लागतं. हिशोब नेहमी वाळल्या वजनावर करायचा, नाहीतर पावसाळ्यात माळ आहे त्याच्या चौपट श्रीमंत दिसतो. माडग्याळ मेंढी अंगाने मोठी, तिला त्या प्रमाणात जास्त लागतं.

आता कळप मोजू. कळपाचा आकडा सांगताना बहुतेक वेळा फक्त मोठ्या मेंढ्या सांगितल्या जातात. 'साठ मेंढ्या आहेत' म्हणणाऱ्याच्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळाच्या तळावर, प्रत्यक्षात असं असतं: ४० अंगावर पाजणाऱ्या, २० भाकड, २ मेंढे, तीन ते सहा महिन्यांची ३० कोकरं आणि वर्षाच्या आतल्या १५ वाढत्या पाठी, म्हणजे तरुण माद्या. भाकड मेंढीला १ धरलं तर पाजणारीला दीड, मेंढ्याला दीड, कोकराला अर्धा आणि वाढत्या पाठीला ०.८ धरावं. २० + ६० + ३ + १५ + १२ केलं की बेरीज येते ११०. सांगण्यात साठ, पण तोंडं एकशे दहा मेंढ्यांची! ऑस्ट्रेलियात सगळा हिशोब 'कोरड्या मेंढी'च्या एककात करतात, म्हणजे गाभण नसलेल्या आणि दूध न देणाऱ्या जनावराच्या, तो याचसाठी.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पश्चिम बंगालच्या गारोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. जुळी पाजणारी मेंढी जवळजवळ दुप्पट मागते. कोकरं जास्त हवी असतील तर चाऱ्याची तजवीज आधी करायला हवी. माळ तोच राहिला तर जुळ्यातलं एक कोकरू हाती लागत नाही.

गवत मोजायचं कसं

पीव्हीसी पाइपची किंवा चार बांबूच्या काठ्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट बनवा. पाऊस ओसरला की, दसरा ते दिवाळी या काळात, माळाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकं चालत जा. दर पन्नास पावलांवर चौकट जिथे पाय थांबेल तिथेच ठेवा. आतलं गवत जमिनीपासून दोन बोटं सोडून विळ्याने कापा. तरवड, टाकळा, घाणेरी, रानतुळस असं मेंढी एरवी तोंड न लावणारं जे असेल ते बाजूला काढा. उरलेलं पिशवीत घालून पिशवीवर आकडा लिहा. अशा किमान वीस चौकटी घ्या. मग गवत उन्हात पसरून वाळवा आणि सलग दोन दिवस वजन तेच येईपर्यंत वाळू द्या. साधारण चार-पाच दिवस लागतात.

एक चौरस मीटरमधलं एक ग्रॅम म्हणजे एकरी चार किलो. त्यामुळे सरासरी ग्रॅमला चारने गुणलं की एकरी वाळलं गवत मिळतं.

चुका इथे होतात. एका माळावरच्या दहा चौकटींचे आकडे असे आले असं धरू: ११०, ३५, ०, ७०, ९०, २०, ६५, ०, १३०, ८०. बेरीज ६००, सरासरी ६० ग्रॅम. मोजणाऱ्याला वाटतं की शून्य कशाला लिहायचं, तिथे तर नुसता मुरूम होता. दोन शून्यं गाळली की सरासरी ७५ होते, म्हणजे माळ बसल्या जागी सव्वापट झाला. मुरमाचा तो तुकडा सातबाऱ्यात आहे, एकरांच्या मोजणीत आहे, मग सरासरीतही असलाच पाहिजे. दुसरी चूक म्हणजे 'इथं गवत बरं दिसतंय' म्हणून चौकट तिकडे सरकवायची. तिसरी, दवात भिजलेलं गवत तसंच तोलायचं.

पावसाळ्यात माळ चरला जात असेल तर नुसत्या दसऱ्याच्या मोजणीतून पीक कळत नाही, कारण त्यातलं बरंचसं आधीच पोटात गेलेलं असतं. अशा वेळी मृगाआधीच बऱ्या, मध्यम आणि हलक्या जमिनीवर मिळून पाच-सहा ठिकाणी दोन मीटर बाय दोन मीटर जागेला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला आणि दसऱ्याला आतलं गवत कापा. कुंपणाच्या आत आणि बाहेर केवढा फरक आहे हे त्या दिवशी नुसत्या डोळ्यांनीही दिसतं.

आलेलं सगळं गवत खायला का नाही द्यायचं?

पवना, मारवेल, डोंगरी, अंजन ही माळाची चांगली गवतं बहुवर्षायू आहेत. वरचं पान वाळतं, पण बुंधा आणि मुळं जिवंत राहतात, आणि पुढचा फुटवा त्यांच्या साठ्यातून येतो. पान हे गवताचं स्वयंपाकघर. ते छाटलं की मुळांना जेवण पोचत नाही. अमेरिकेत १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांमध्ये असं दिसलं की, चाळीस टक्क्यांपर्यंत पानं कापली तरी मुळांची वाढ चालू राहते. पन्नास टक्क्यांच्या पुढे ती झपाट्याने मंदावते, आणि ऐंशी टक्के कापलं की मुळं कित्येक दिवस वाढायचीच थांबतात. आपल्याकडे पावसात पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो. त्या खंडात खोल गेलेलं मूळच गवताला तारतं. वरून खरवडलेल्या गवताचं मूळ वरच्या चार बोटांत अडकलेलं असतं.

त्यात मेंढीचा वरचा ओठ मधोमध चिरलेला असतो, त्यामुळे ती जमिनीला तोंड लावून खाऊ शकते. गाय जिभेने गवत ओढून तोडते, त्यामुळे अगदी जमिनीलगतचं तिला खाता येत नाही. म्हणून तेवढ्याच चाऱ्यावर गायीपेक्षा मेंढी माळाचं नुकसान जास्त करू शकते. मेंढी वाईट नाही, तिला कधी उचलायचं हे ठरवावं लागतं इतकंच.

तर निम्मं गवत माळालाच ठेवायचं. उरलेल्या निम्म्यातलंही सगळं तोंडात जात नाही. काही तुडवलं जातं, काहीवर लेंड्या-मूत पडतं, काही वाळवी आणि टोळ खातात. म्हणून बऱ्या माळावर एकूण गवताचा तिसरा हिस्सा मेंढ्यांचा धरावा. माळ आधीच झिजलेला असेल तर चौथा.

भागाकार

मघाचीच सरासरी घेऊ. ६० ग्रॅम, म्हणजे एकरी २४० किलो. तिसरा हिस्सा ८० किलो. म्हणजे असा एक एकर माळ वर्षाला ८० मेंढी-दिवस देतो.

गावाचा माळ ४० एकर असेल तर झाले ३,२०० मेंढी-दिवस. वर्षभर तिथेच ठेवायच्या तर ३,२०० भागिले ३६५, म्हणजे फक्त नऊ मेंढ्या. पावसाळ्याचे चारच महिने ठेवायच्या तर सव्वीस. आणि दोनशेचा कळप आला तर सोळा दिवस. चाळीस एकर, सोळा दिवस, संपलं.

सरकारच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ मेंढा असा गट दिला जातो. तो गट नुसत्या अशा माळावर बारा महिने पोसायचा म्हटलं तर जवळजवळ शंभर एकर लागतील. योजना चुकीची आहे असा याचा अर्थ होत नाही. अर्ज भरताना शेड, विमा, लसी यांबरोबर चाऱ्याचा हा आकडाही मांडला पाहिजे, एवढंच. माळावरून किती मिळणार, शेताच्या बांधावरून किती, विकत किती, हे मेंढ्या यायच्या आधी कागदावर हवं.

एवढा कमी आकडा? आजोबांकडे तर पाचशे मेंढ्या होत्या!

होत्या, आणि त्या जगतही होत्या, कारण त्या एका जागी नव्हत्या. फलटण, बारामती, पुरंदर भागातले धनगर दिवाळीनंतर वाडे घेऊन निघतात. कुणी घाट उतरून कोकणात, कुणी नदीकाठाच्या काळ्या रानात. पिकं निघालेल्या शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, ताटं, पाला, शेंगा चारायच्या आणि पावसाच्या तोंडावर माळावर परतायचं. मेंढी-दिवसांचं गणित त्यांनी पायांनी सोडवलेलं होतं. माळावर चार महिने, बाहेर आठ महिने. चाळीस एकरांत नऊऐवजी सव्वीस मेंढ्या बसतात त्या या फिरण्यामुळेच. शिवाय तेव्हा माळही चाळीस एकरांचा नव्हता.

आता या गणिताच्या दोन्ही बाजू आक्रसल्या आहेत. टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी आटपाडी, सांगोला, जत, कवठे महांकाळकडे आलं. त्या भागाने पाण्यासाठी जी वर्षं काढली ती पाहता हे पाणी यायलाच हवं होतं. पण पाण्याबरोबर डाळिंब, द्राक्षं, ऊस आले आणि उन्हाळ्यात मोकळी पडणारी रानं कमी झाली. दुसरीकडे सरकारदप्तरी माळरानाची गणना 'पडीक'मध्ये होते. पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक. मग चर खोदून झाडं लावा, सौर पट्ट्या उभ्या करा, गायरानावर अतिक्रमण करा. सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दिले, तरी गायरानं आक्रसतच आहेत. मेंढ्या तेवढ्याच राहिल्या आणि दिवस वाढले की भार वाढतो. 'आम्ही मेंढ्या वाढवल्या नाहीत' हे म्हणणं खरं असूनही माळ झिजतो तो असा.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. दिवसभर माळ खाऊन रात्री मेंढ्या शेतात बसतात तेव्हा लेंड्यांबरोबर माळाचं नत्र आणि स्फुरदही शेतात जातं. शेताला खत मिळतं, माळाला परत काहीच मिळत नाही. आठवड्यातून एखादी रात्र मेंढवाडा माळावरच, दर वेळी नव्या जागी, लावला तर उघड्या पडलेल्या मुरमावरही दोन-तीन पावसाळ्यांत गवत धरायला लागतं.

माळ थकल्याचं कसं ओळखायचं

आधी गवतं बदलतात. दख्खनच्या माळावर पवना आणि डोंगरी ही गवतं चवदार, म्हणून ती आधी जातात. त्यांच्या जागी कुसळी येते. कोवळी असताना मेंढ्या ती खातात, पण फुलोऱ्यानंतर तिची कुसळं लोकरीत शिरतात, कातडीत रुततात, तोंडात जखमा करतात. म्हणून कुसळीचा माळ फुलोऱ्याआधी चारायचा. भार तसाच राहिला की कुसळीही विरळ होते आणि पावसाबरोबर उगवून दिवाळीच्या आत वाळून उडणारी वर्षायू गवतं येतात. त्यानंतर तरवड आणि मुरूम. पवन्याच्या माळावरून तरवडीच्या माळावर यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणून ते चालू असताना कुणाच्या नजरेत भरत नाही.

जवळ बसून पाहिलं की आणखी कळतं. गवताचा ठोंब मातीच्या छोट्याशा ओट्यावर उभा दिसतो. तो उंच वाढलेला नसतो, भोवतीची माती वाहून गेलेली असते. ओट्याच्या कडेला मुळं उघडी दिसतात. ओटा दोन बोटं उंच असेल तर तेवढी माती त्या माळाने गमावली आहे. पाणवठ्याजवळ हे आधी दिसतं, कारण तिथे रोजचीच ये-जा असते. लांबच्या टोकाला गवत उभं आणि टाकीपाशी धूळ, असं असेल तर मेंढ्या कमी करण्याआधी पाण्याची दुसरी सोय करून बघावी. उन्हाळ्यात मेंढीला दिवसाला तीन ते पाच लिटर पाणी लागतं. शंभर मेंढ्यांना पाचशे लिटरची टाकी पुरते.

मेंढीच्या अंगावरही वाचता येतं. शेवटच्या बरगडीच्या मागे कंबरेवर हात ठेवून बोटांनी दाबा. मणक्याची टोकं बोथट, मांसाखाली लागली तर ठीक. करवतीसारखी टोचली आणि आडव्या हाडांच्या खाली बोटं सहज गेली तर ती मेंढी खंगली आहे. कळपातल्या दर पाचातली एक अशी लागली की माळावरचे दिवस संपले असं धरावं. जंतांचंही इथे नातं आहे. जंतांच्या अळ्या गवताच्या खालच्या चार बोटांत जास्त असतात. गवत आखूड झालं की मेंढी नेमकी तिथेच चरते. मग डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी उतरतं, आणि औषध पाजूनही महिन्याभरात पुन्हा तेच. अशा वेळी गोळ्या बदलत बसण्यापेक्षा माळ बदलावा.

शेवटी पावसावरच आहे ना सगळं?

बरंचसं आहे, आणि या आक्षेपात दम आहे. जिथे पाऊस वर्षावर्षाला फार हेलकावे खातो तिथे 'एकरी इतक्या मेंढ्या' असा कायमचा आकडा ठरवणं चूक, असं कुरणांचा अभ्यास करणारे गेली तीन-चार दशकं सांगत आहेत. आपला पर्जन्यछायेचा पट्टा तसाच आहे. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा. तो हुकला की ६० ग्रॅमच्या जागी २५ ग्रॅम येतं. एकरी शंभर किलो. अशा वर्षी माळाचा हिस्सा वाढवून मेंढ्यांचा चौथाई धरला की एकरी फक्त २५ मेंढी-दिवस उरतात. चांगल्या वर्षाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

म्हणूनच आकडा दर वर्षी दसऱ्याला नव्याने काढायचा. पण 'पाऊसच ठरवतो, मग मेंढ्या किती का असेनात' हे त्यातून निघत नाही. सारखाच पाऊस दोन माळांवर पडला तरी सारखा मुरत नाही. ठोंब दाट असलेल्या माळावर थेंब आधी पानावर फुटतो, पाणी हळू उतरतं, मुळांच्या वाटेने आत जातं. उघड्या मुरमावर तोच पाऊस ओढ्याला मिळतो. गेल्या वर्षी सोडलेलं निम्मं गवत यंदाच्या पावसाचं भांडं असतं. भांडंच पसरट झालं तर आभाळाने कितीही ओतलं तरी तेवढंच राहणार.

मग सरळ चराईबंदी का नको?

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांनी चराईबंदी केली आणि तिथलं गवत परत आलं, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. उजाड माळ उठवायचा असेल तर दोन-तीन पावसाळे बंदी लागतेच. गवत कापून नेऊ दिलं तर चाराही मिळतो. पण बंदी हा उपचार आहे, रोजचा आहार नव्हे. कापणीही न करता माळ वर्षानुवर्षं बंद ठेवला तर जुनं वाळलं गवत साठून नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही, उन्हाळ्यात वणव्याची भीती राहते आणि कुसळी माजते. आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्याची मेंढरं कुठे जाणार? ती शेजारच्या गावच्या माळावर जातात, तिथला भार दुप्पट होतो. एका गावाची हिरवळ दुसऱ्याच्या मुरमावर उभी राहते. बंदीचा ठराव करताना किती वर्षांसाठी, कोणता तुकडा, आणि त्या काळात मेंढपाळांनी कुठे चारायचं, हे तिन्ही लिहिलं नसेल तर ठराव अपुरा आहे.

बंदीऐवजी माळाचे चार भाग करावेत. दर पावसाळ्यात एक भाग बी धरून झडेपर्यंत, म्हणजे अश्विन संपेपर्यंत, बंद. बाकी तीन आलटूनपालटून चारावेत. एका भागात पंधरा दिवस, मग महिनाभर तरी विश्रांती. पहिला पाऊस पडला की लगेच मेंढ्या सोडायची घाई होते. तेव्हाचा फुटवा मुळांच्या उसन्या साठ्यावर आलेला असतो, आणि कोवळ्या गवताने आंत्रविषार हा आतड्यांत विष तयार होण्याचा रोगही होतो, त्याची लस आधीच टोचलेली हवी. गवत वीतभर झालं की घालावं, चार बोटं उरली की काढावं. वीत आणि चार बोटं, हे माप प्रत्येकाच्या हातावर आहे.

भार मोजताना गावातली सगळी जनावरं धरायची, हे मात्र विसरू नये. एक गाय साधारण पाच मेंढ्यांइतकं खाते. मोकाट सुटलेली दहा गुरं म्हणजे पन्नास मेंढ्या. दोष द्यायची वेळ आली की बोट मात्र मेंढपाळाकडेच जातं, कारण तो बाहेरचा असतो.

मेंढ्या कमी केल्या तर पोट कसं भरणार?

हा सगळ्यात खरा प्रश्न. एक काल्पनिक उदाहरण बघू. एका माळावर हंगामात २० मेंढ्या ठेवल्या तर प्रत्येकीचं वजन १० किलो वाढतं, एकूण २०० किलो. ३० ठेवल्या तर वाटा कमी होतो, प्रत्येकी साडेसात किलो, पण एकूण २२५. ४० ठेवल्या तर प्रत्येकी पाच, एकूण परत २००. ५० ठेवल्या तर प्रत्येकी अडीच आणि एकूण फक्त १२५. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण चाल अशीच असते. चाळीसच्या कळपाला वीसच्या कळपाएवढंच मांस, आणि लसी, जंतनाशकं, मरतूक, राखणीचे कष्ट दुप्पट. शिखर तीसला दिसतं, तरी कोरड्या भागात शिखराच्या अलीकडेच थांबावं. पाऊस हुकला की तीसची मेंढरं एका रात्रीत पन्नासच्या ओळीत जाऊन बसतात.

आणि दिवाळीनंतर गवत वजनाला असलं तरी त्यात सत्त्व राहत नाही. पावसाळ्यात गवतात सात-आठ टक्के प्रथिनं असतात, माघात ती तीन-चारवर येतात. सहा-सातच्या खाली गेलं की पोटातले जिवाणू मंदावतात आणि पुढ्यात गवत असूनही मेंढी कमी खाते. अशा वेळी तूर किंवा हरभऱ्याचं भुसकट, शेवरीचा पाला, थोड्या बाभळीच्या शेंगा, किंवा पाजणाऱ्या मेंढीला शंभर-दीडशे ग्रॅम शेंगदाणा पेंड दिली की तेच वाळलं गवत अंगी लागतं. सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नये, लोकर झडते.

तीन तारखा

कळप कधी हलका करायचा हे दुष्काळ अंगावर आल्यावर ठरवलं तर उशीर झालेला असतो. लोणंद, आटपाडीच्या बाजारात तेव्हा सगळेच विकायला आलेले असतात आणि भाव पडलेला असतो. म्हणून निर्णयाच्या तारखा आधी बांधून घ्याव्यात.

श्रावणाच्या शेवटी: गवत वीतभरसुद्धा झालं नसेल तर विकायजोगे नर लगेच काढायचे.

दसऱ्याला: चौकटी कापून मेंढी-दिवस काढायचे आणि वाडा किती दिवस माळावर राहणार, कधी निघणार, हे ठरवायचं. सहा-सात वर्षांच्या, दात पडलेल्या, दोनदा गाभडलेल्या मेंढ्या याच वेळी वेगळ्या करायच्या, कारण अजून त्यांच्या अंगावर मांस असतं.

संक्रांतीनंतर: कंबरेवर हात फिरवायचा आणि गवताची उंची बघायची. चार बोटांच्या खाली गेलं असेल तर कळप विकत घेतलेल्या चाऱ्यावर किंवा मोकळ्या रानात, माळ पावसापर्यंत बंद. बकरी ईदसाठी राखलेले मेंढे त्या सालच्या तारखेप्रमाणे निराळे बांधून चारायचे, त्यांना माळावर धरायचंच नाही.

आणि वैशाखात, ढग जमायच्या आधी, काट्यांचं कुंपण पुन्हा घालायचं. गेल्या वर्षीच्याच जागी नको, कारण तिथलं गवत वर्षभर विश्रांती घेऊन बसलंय आणि आकडा फुगवून सांगेल. दहा पावलं बाजूला.